लय चढवलेली

अमरावती, १५ जानेवारी

प्रीतम,

मी तुला ब्लॉक केलंय हे एव्हाना तुला कळलं असेल. ब्लॉक काढायचं मन होत नाही आणि गप्पही बसवत नाही, म्हणून हे पत्र. शाळेच्या स्टाफरूममध्ये ज्योत्स्ना मॅडमकडून पाकीट मागून आणलं. त्या म्हणाल्या, या जमान्यात कोणाला गं पत्र? मी म्हटलं, बँकेला.

आधी जय भीम. रागाच्या भरात विसरले असं वाटायला नको.

आता मला सांग, रविवारी आपलं साक्षगंध झालं की मोडलं? मला खरंच कळत नाहीये. अंगठी माझ्या बोटात आहे. तुमच्याकडची मोरपंखी साडी कपाटात आहे. तुम्ही आणलेले अर्धे पेढे वाटून झाले, उरलेले वाटावेत की नाही या विचारात आईने डबा झाकून ठेवलाय. सहदेव काका म्हणतात मोडलं. पप्पा म्हणतात जरा थांबा. बुद्धपौर्णिमेसाठी विहाराजवळचं सभागृह सांगून ठेवलं होतं, तिथला माणूस विचारतोय पक्कं समजू का. पप्पा त्याला म्हणाले, कळवतो. फेब्रुवारीअखेर कळवलं नाही तर तो दुसऱ्या लग्नाला देणार आहे. म्हणजे तोवर आपलं हो किंवा नाही, एक काहीतरी ठरलं पाहिजे.

हे सगळं सुरू कुठून झालं ते मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. जेवणं झाली होती. काकांनी आपल्या मुलाला पुढे ओढून तुझ्या बाबांना ओळख करून दिली, "हा आमचा सचिन. नाव काहून ठेवलं ते सांगाची गरज नाई." तुझे बाबा खुर्चीवर रेलले, तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं आणि म्हणाले, "सचिन लय चढवलेला हाय."

काकांना वाटलं त्यांच्या पोराबद्दलच बोलताहेत. "कोन चढवलेला?"

"तेंडुलकर, भाऊ. शंभर शतकं म्हनता. अन् तो आऊट झाला का आपन टीव्ही बंद करून जेवाले बसत होतो. मंग बाकीचे दहा जन कशाले पाठवले होते? एक मानूस येवढा मोठा केला का सारी टीम झोपली."

काकांचा घास घशात अडकावा तसा चेहरा झाला. तोवर तुमची अकोल्याची मंडळी सुरू झाली होती. धोनी चढवलेला, कारण "शेवटच्या ओव्हरलोक नेते कशाले? आधीच संपव नं बावा, आमचं बीपी वाढते." मेस्सी चढवलेला, कारण "अर्धा वेळ मैदानात चालत फिरते, चालाचे पैसे मलेही द्या." मला हसू येत होतं. पप्पाही हसत होते. काका फणफणत होते, पण काका प्रत्येक कार्यात कशावर ना कशावर फणफणतात, त्याचं आम्हाला काही वाटत नाही.

मग तुमच्या त्या जाड चष्म्याच्या श्याम काकांनी विचारलं, "प्रीतम, आता तुहा नंबर. कोनाले उतरोतो?"

तू माझ्याकडे पाहिलंस. हसलास सुद्धा. आणि म्हणालास, "दीक्षाले. लय चढवलेली हाय. एका चढाईवर गाडी चालून राहिली तिची. डाव्या कोपऱ्याकडे जातच नाई."

आणि तुमची माणसं टाळ्या वाजवायला लागली! तुझे बाबा तर खुर्चीवरून उठून. तुझी आई डोळ्याला पदर लावून.  आमच्या बाजूने काका म्हणाले, "पोरगी पसंत नवती तं पेढे कशाले आनले?" पुढचं तुला माहीत आहे. तुम्ही गाडीत बसेपर्यंत तुझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मी बघत होते, आणि तू आमच्याहून जास्त गोंधळलेला दिसत होतास. मला तेच कळत नाहीये.

मी राज्याच्या कबड्डी संघातून खेळले आहे. शेवटच्या चढाईत तीन जणींना शिवून परत आले तो व्हिडिओ तू मला भेटायच्या आधीच पाहिलेला होतास, तूच सांगितलंस. चौकात बॅनर लागलं होतं, अमरावतीची वाघीण. ते मी लावलं नव्हतं. मग मला मांडवात उभं करून उतरवायचं काय कारण होतं?

पोस्टानेच लिही. फोन उघडणार नाही.

दीक्षा


अमरावती, २४ जानेवारी

प्रीतम,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी! आमच्या शाळेतल्या पाचवीच्या मुली सहलीच्या परवानगीसाठी याहून मोठा अर्ज लिहितात.

ते वाचून माझी अवस्था आणखी वाईट झाली. तू लिहितोस, "मी खोटं बोललो का? डाव्या कोपऱ्याकडे तू जातेस का ते तूच सांग. तुला वाईट वाटलं असेल तर काय बोलू ते सुचत नाही. घरी सगळे फार खूश आहेत." कशाने खूश आहेत, प्रीतम? साक्षगंधाच्या मांडवातून उठून गेल्याचा आनंद साजरा करताहेत का? मी ते वाक्य प्रणालीला वाचून दाखवलं. ती माझ्याच संघात पकड करते, तुला आठवत असेल, उंच आणि सावळी. ती म्हणाली, "हे घरच वेगळं हाय बाई. येक तं हे लय भोळे हाय नाई तं लय हलकट."

मला दोन्हीतलं एकही खरं वाटत नाही. भोळा माणूस डाव्या कोपऱ्याचं बोलत नाही. ते ज्याला खेळ कळतो त्यालाच दिसतं. आमच्या पप्पांना विचार डावा कोपरा म्हणजे काय, ते घराचा कोपरा दाखवतील. आणि हलकट माणूस माझ्यासाठी त्या दिवशी बडनेऱ्याला उतरून, रिक्षाने स्टेडियमवर येऊन, सरावाला केळी आणून देत नाही.

तुला उत्तर पाहिजे ना? देते. नांदगाव खंडेश्वरला महिलांचे खुले सामने आहेत, या महिन्याच्या शेवटी. मी खेळणार आहे. आणि डाव्या कोपऱ्याकडेच जाणार आहे, तुला दाखवायला. येऊ नकोस. आलास तरी मला दिसू नकोस.

काकांनी तुमच्याकडच्या साडीची घडी करून पिशवीत घातलीय. पिशवी दाराजवळ ठेवलीय. पप्पा रोज ती उचलून पुन्हा आत ठेवतात. काका ती परत दाराजवळ आणतात.

दीक्षा


अमरावती, ३ फेब्रुवारी

प्रीतम,

मी हे पत्र फाडणार होते. फाडलं असतं तर तुला बाहेरून कुणाकडून तरी कळलंच असतं, म्हणून मीच सांगते.

मी डाव्या कोपऱ्याकडे गेले. समोरच्यांचा डावा कोपरा म्हणजे चढाई करणारीच्या उजव्या हाताला, हे तुला सांगायला नको. पहिल्याच चढाईत गेले. तिथे चांदूर रेल्वेची एक बारकी पोरगी उभी होती, माझ्या खांद्याएवढी. तिने घोटा धरला आणि मी बाद होऊन बसले. पुन्हा गेले. पुन्हा बसले. प्रणाली बाकावरून ओरडत होती, "डावीकडं जा, तुही बाजू तिकडं हाय!" मी ऐकलं नाही. तिसऱ्या वेळी उजवा पाय वळवायचा होता, तो वळला नाही. का ते सोड. आम्ही हरलो, चांगल्याच हरलो.

तिथपर्यंत ठीक होतं. माणूस हरतो. पण बक्षीस समारंभात पाहुण्यांनी माइक घेतला आणि म्हणाले, उत्कृष्ट चढाईपटू, अमरावतीची वाघीण दीक्षा वानखडे. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. बक्षीस म्हणून कूलर. खरा, पंख्याचा, चाकं लावलेला कूलर! ज्या मुलीने मला तीनदा बसवलं ती खाली चटईवर बसून माझ्यासाठी टाळ्या वाजवत होती. तिला वाटलं असेल, मोठ्या खेळाडूंचं असंच असतं. मी पाहुण्यांच्या कानात म्हटलं, सर, आज मी काहीच केलं नाही. ते हसून म्हणाले, "नम्रता पाहा." माइकवर.

म्हणजे तू बरोबर होतास का? की तू त्या मांडवात बोललास म्हणून माझे पाय बांधले गेले? मला दोन्ही खरं वाटतं आणि दोन्हीवर राग येतो. प्रणाली म्हणते तुझी नजर लागली. नजर वगैरे मी मानत नाही, तूही मानत नाहीस. पण मग काय लागलं?

पप्पांनी कूलर छोटा हत्ती टेम्पोत घालून घरी आणला. हार घातला. फेब्रुवारीत चालवून दाखवला, आई स्वेटर घालून समोर बसली. शेजारचे बघून गेले. मी सांगायचा प्रयत्न केला की पप्पा, मी तीनदा बाद झाले, चढाईला गेले की बसतच होते. पप्पा म्हणाले, "तुले काय समजते? बक्षीस देनारे येडे हाय का?"

पिशवी अजून दाराजवळच आहे.

दीक्षा


अमरावती, १२ फेब्रुवारी

प्रीतम,

काल तुझी आई आली होती. तू पाठवलं नाहीस हे त्यांनी आल्या आल्या सांगितलं, त्यामुळे मी दार उघडलं. अकोल्याहून एसटीने, हातात तुरीच्या ओल्या शेंगांची पिशवी. काका बाहेरच्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून बसले, पण त्यांचे कान आमच्याकडेच होते. पेपर उलटा होता का ते मी पाहिलं नाही, पण पान एकदाही उलटलं नाही.

शेंगा सोलता सोलता त्या म्हणाल्या, "तुले कोनी सांगतलं नाई का वो, आमच्या घरचं?"

मी म्हटलं, काय सांगायचं?

"येच. उतरवाचं."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत लिहिते, कारण माझ्या शब्दांत मला ते अजून पटलेलं नाही.

"प्रीतमचे बाबा अन् श्यामभाऊ लहानपनचे दोस्त. हे म्हनत गावसकर मोठा, ते म्हनत कपिल मोठा. आमच्या लग्नाच्याबी आधीची गोठ हाय. यानं त्याच्या कपिलले बोललं, त्यानं याच्या गावसकरले. मारामारी झाली, डोकं फुटलं. लय दिवस येकमेकाचं तोंड नाई पाह्यलं. मंग समझोता झाला तवा नियम बनवला. ज्याच्या जीवाचा जो हाय, त्याले त्यानंच उतरवाचं. दुसऱ्यानं बोट लावाचं नाई. मंग भांडनच होत नाई नं वो. जो लय जीव लावते तोच सारे दोष जानते, तोच सांगते, बाकीचे टाळ्या वाजवते. दर रविवारी आमच्या ओट्यावर येच चालते."

"पण बाबा तर सचिनला..."

"घरी येऊन पाह्य. बुद्धाचा फोटो, बाबासाहेबाचा फोटो, अन् त्याच्या खाली सचिन. सचिन रिटायर झाला तवा हा मानूस दोन टाइम जेवला नाई."

मी शेंग हातात धरून बसून राहिले. त्या पुढे म्हणाल्या, "प्रीतम लहानपनापासून ओट्यावर बसते, पन त्यानं कोनालेच उतरोलं नाई. हे विचारत, तुहा कोन? तो म्हने, माह्या जीवाचं अजून कोनी नाई. त्या दिशी मांडवात पयल्यांदा बोलला. म्हनून ते टाळ्या. म्हनून मले रडू आलं."

बाहेर काकांचा पेपर खाली आला आणि परत वर गेला.

प्रीतम, तुझी आई गेल्यापासून माझं डोकं चालत नाहीये. म्हणजे तू मला सचिनच्या रांगेत बसवलंस? आणि मी तुला ब्लॉक केलं? आधी मला हसू आलं, मग रडू आलं, आणि मग राग आला तो अजून गेलेला नाही. अरे, तुमच्या ओट्याचा नियम अमरावतीच्या मांडवात कुणाला माहीत असणार? तुला काय वाटलं, सगळ्या महाराष्ट्रात साक्षगंधाला हेच चालतं? तुझी आई म्हणाली, "त्याले वाटलं, सारेच तसं करत असन." मला तुझ्यावर इतका राग आला आणि त्याच वेळी तू इतका आवडलास की मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली.

पण एक गोष्ट तुझ्या आईला सांगितली नाही, तुला सांगते. सचिनला तुझे बाबा कितीही उतरवोत, तो किती खाली येणार? सगळा देश त्याला पुन्हा उचलून वर ठेवतो. मला कुणी उतरवलं तर मी थेट जमिनीवर येते. माझी राज्य संघात निवड झाली तेव्हा वर्गातल्या एका मुलीने विचारलं होतं, तुमच्यासाठी जागा राखीव असते का गं? कबड्डीत कसली राखीव जागा! पण ते तिला समजावून सांगायला लागलं, आणि तेव्हापासून प्रत्येक निवडीनंतर कुणाच्या तरी डोळ्यांत मला तोच प्रश्न दिसतो. नसेलही, पण मला दिसतो. हिला उगाच चढवली. तू मांडवात नेमकं तेच वाक्य बोललास. तुझ्या मनात काय होतं ते आता मला कळलंय, पण ते वाक्य माझ्या कानाला जिथे लागलं तिथे अजून दुखतं.

म्हणून माझी एक अट आहे. येत्या रविवारी तुमच्या ओट्यावर, त्याच माणसांसमोर, माझ्याबद्दल एकदा सरळ चांगलं बोल. नियम बाजूला ठेव. तुझी आई फोन लावून ठेवणार आहे, त्यांचा नंबर मी ब्लॉक केलेला नाही. ते ऐकून मी पप्पांना हो किंवा नाही सांगणार.

दीक्षा


अमरावती, १७ फेब्रुवारी

प्रीतम,

ऐकलं. प्रणाली माझ्या शेजारी बसली होती, फोन मधे ठेवला होता, स्पीकरवर.

तू उभा राहिलास असं आवाजावरून वाटलं. घसा साफ केलास. म्हणालास, "दीक्षा ही अत्यंत गुणी आणि जिद्दी खेळाडू आहे. तिने आपल्या खेळाने जिल्ह्याचं नाव उज्ज्वल केलं. प्रतिकूल परिस्थितीवर मात करून..." प्रणालीने माझ्याकडे पाहिलं. मी फोनकडे पाहिलं. हे सगळं मी ऐकलेलं होतं. नांदगावच्या पाहुण्यांनी, शाळेच्या संस्थाचालकांनी, बॅनरवरच्या अक्षरांनी, सगळ्यांनी हेच म्हटलंय. तू पहिल्यांदा माझं कौतुक करत होतास आणि मला वाटत होतं, हा माणूस मला ओळखतच नाही. मीच मागितलं होतं ना? मग ते मिळाल्यावर मला इतकं रिकामं का वाटलं, मला समजेना.

तुझे बाबा म्हणाले, "पुरे बावा. मंत्र्यावानी बोलून राहिला." लोक हसले.  कप ठेवल्याचा आवाज आला. मी फोन बंद करायला हात पुढे केला होता.

आणि मग तू खालच्या आवाजात म्हणालास, "डाव्या कोपऱ्याकडे ती जात नाई, कारन तिचा उजवा घोटा गेलेला हाय. नागपूरच्या सामन्यात लागला. मी मागच्या लायनीत बसून होतो, तवा आमची ओळख नवती. तिनं बाहेर येऊन बूट काढला नाई, कोनाले दाखवला नाई, तशीच खेळली. तवापासून सारा खेळ येका बाजूनं खेळते अन् तरी पॉइंट घेते. मी मांडवात येच सांगनार होतो. टाळ्या आधीच सुरू झाल्या."

प्रणाली माझा पाय बघायला लागली. इतकी वर्षं ती माझ्या शेजारी खेळतेय.

हो. घोटा गेलाय. मी कुणालाच सांगितलं नाही. कोच सरांना सांगितलं असतं तर त्यांनी बाकावर बसवलं असतं. पप्पांना सांगितलं असतं तर त्यांनी शहरातल्या सगळ्या डॉक्टरांकडे फिरवलं असतं आणि मैदान बंद केलं असतं. तुलाही सांगितलं नाही, कारण मला वाटलं तू त्या व्हिडिओतल्या मुलीशी लग्न करतोयस, तिला दोन चांगले पाय आहेत. आणि तू तर त्या व्हिडिओच्या आधीपासून लंगडी बघत होतास!

आमच्या घरात माझे फोटो सगळ्या भिंतींवर आहेत. पप्पांनी माझा एकही सामना शेवटपर्यंत पाहिलेला नाही, त्यांना ताण सहन होत नाही, ते बाहेर जाऊन चहा पितात. मी त्यांना दोष देत नाही. पण माझा खेळ इतका नीट कुणीच पाहिला नव्हता की त्यातली खोट सापडावी. तुला सापडली. मग मला आनंद व्हायला हवा की भीती वाटायला हवी? तुझ्यासमोर काहीच लपणार नाही म्हणून? मी काल दिवसभर हेच विचारत होते, स्वतःला आणि प्रणालीला. प्रणालीने शेवटी कानात हेडफोन घातले.

तू विचारशील, मग हो की नाही? मला अजून माहीत नाही. आधी पप्पांना पायाचं सांगते.

दीक्षा


अमरावती, २२ फेब्रुवारी

प्रीतम,

हे पत्र पोचेपर्यंत तुला सगळं कळलेलं असेल, तुमच्याच घरी फोन झालाय. तरी लिहिते, कारण तिकडे जे ऐकू गेलं आणि इकडे जे झालं ते एक नाही.

काल पप्पांना सांगितलं. ते खाली बसले आणि माझा पाय मांडीवर घेतला. मी म्हटलं, पप्पा, तो डावा आहे. मग त्यांनी उजवा घेतला आणि बोटांनी चाचपत राहिले. आई म्हणाली, "येवढ्या दिवसाची लंगडून राहिली अन् मले वाटलं चालच तशी हाय." मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. हलकं वाटलं. सोमवारी सरांना सांगणार आहे. खेळता येईल की नाही ते नंतर पाहू.

थोड्या वेळाने काका आले. सभागृहाचा माणूस पुन्हा येऊन गेला होता. पप्पांनी विचारलं, "मंग, काय कळवू अकोल्याले? तुहं काय मत हाय प्रीतमबद्दल? खरं सांग."

आता मला नेमकं काय झालं ते नीट सांगता येत नाही. मला हो म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि तुझ्या सगळ्या गोष्टी एकदम डोळ्यांसमोर आल्या. चार ओळींचं पत्र. ते मंत्र्यासारखं भाषण. मांडवातलं ते उघडं तोंड. आणि मी म्हटलं, "प्रीतम? लय चढवलेला हाय. त्याले धड बोलता येत नाई, धड लिहिता येत नाई. अकोल्यात सारे म्हनते लय हुशार, अन् येवढं समजत नाई का दुसऱ्याच्या घरी दुसरे नियम असते. वरतून सारं पाहून ठेवते अन् सांगत नाई."

मी आणखीही बरंच बोलले असते. थांबले तेव्हा पाहिलं, पप्पांचा चेहरा पडला होता. काका मान हलवत होते, "मी तं पयल्या दिवसापासून म्हनत होतो." त्यांना तो नियम माहीत नाही. शेंगा सोलताना काकांच्या कानावर काय गेलं असेल ते असेल, त्यांनी ते पप्पांना सांगितलेलं नाही. मी तोंड उघडून सांगायला हवं होतं. पण मी जे म्हटलं ते हो होतं का हे मलाच आधी ऐकायचं होतं.

पप्पांनी फोन लावला. स्पीकर चालू केला, म्हणजे काकांनाही ऐकू यावं. आवाज जड झाला होता. म्हणाले, "देवमनभाऊ, जय भीम. माफ करा मले. पोरीले विचारलं. ते म्हनते, तुमचा पोरगा लय चढवलेला हाय."

तिकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

मग तुझे बाबा म्हणाले, "असं म्हनली? तिच्याच तोंडानं?"

"हो भाऊ. अजून बी लय बोलली. धड बोलता येत नाई म्हने, लिहिता येत नाई म्हने. मी सारं नाई सांगत."

"सांगा, सांगा! सारं सांगा!" आणि मग फोनपासून तोंड बाजूला करून, तुझ्या आईला हाक मारत ते जे ओरडले ते आमच्या गल्लीत ऐकू गेलं असेल. "भागीरथा! ऐकलं का वो? पोरीनं प्रीतमले उतरोलं!" मागून तुझ्या आईचा आवाज, मग श्याम काकांचा, मग टाळ्या. इतक्या टाळ्या की फोन खरखरायला लागला.

पप्पांनी फोनवर हात ठेवला. काकांकडे पाहिलं, काकांनी माझ्याकडे पाहिलं. "आपन नाई म्हटलं नं?" पप्पा हळूच म्हणाले, "मंग हे टाळ्या काहून वाजवून राहिले?"

मी काही सांगितलं नाही, प्रीतम.  अठ्ठावीसला सभागृहवाला येतोय. त्याच्या आधी तू ये आणि या दोघांना तुझ्या तोंडाने समजावून सांग. आणि चार ओळींत उरकू नकोस.

दीक्षा